स्पीकर बंद पडला तर उत्तमच

गेल्या अंकात मी सहज लिहून बसले की तीन ते सहा वर्षांच्या पोरांना एकत्र गायला-नाचायला काय घ्यायचं यात काही अडत असेल तर विचारा, आणि झालं, मेलबॉक्स भरला, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट आल्या, त्यातली एक तर सात मिनिटांची, आणि एका आजींचं चक्क पोस्टकार्ड. सगळ्यांना उत्तर देणं जागेत बसणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. आधीच सांगते, मी गायिका-बियिका नाही, बावीस वर्षं बालवाडी चालवतेय, पेटीवर एका बोटानं सूर काढते आणि नाचायला लागले की घुंगरांच्या आधी माझा गुडघा वाजतो. तेवढं समजून घ्या.

प्रश्न: माझी नात साडेतीन वर्षांची आहे. मोबाईलवर गाणी लावली की एकटक बघत बसते, नाचत तर नाहीच, पापणी पण हलत नाही. मला येतात ती 'अडगुलं मडगुलं'सारखी जुनी, सून म्हणते ती तान्ह्या बाळांची झाली आता. मग मी काय म्हणू तिच्यासोबत? – एक आजी, सातारा (पोस्टकार्ड यांचंच!)

आजी, सूनबाईचं अर्धं बरोबर आहे. 'अडगुलं मडगुलं' हे बाळाला न्हाऊमाखू घालून तीट लावताना म्हणायचं, साडेतीन वर्षांची मुलगी कशाला मांडीवर पडून राहील. पण तुमच्याकडे त्याच्या पुढचा माल पण असणार की! 'आपडी थापडी' आहे, 'इथे इथे बस रे मोरा' आहे, आणि 'चिमणी भुर्र'ला तर वयच नाही, माझ्याकडे पालकसभेत आई-बाबा सुद्धा हरतात त्यात.

मोबाईलचं काय होतं माहितीये का, त्यातलं गाणं थांबत नाही. पोर हात वर करेपर्यंत ते पुढच्या कडव्यात गेलेलं असतं, मग पोरानं एकदा-दोनदा प्रयत्न केला की ते नाद सोडतं आणि बघत बसतं. आता तुम्ही तळहातावर बोट टेकवून मोराला बसवा, चारा घाला, पाणी पाजा आणि 'भुर्र'च्या आधी गप्प व्हा. नुसत्या गप्प व्हा, नातीकडे बघत. ती श्वास धरून बसेल, मग खांदे वर येतील, मग स्वतःच हात झटकून भुर्र म्हणेल आणि दहा वेळा परत परत करायला लावेल. हे थांबणं मोबाईलला जमत नाही, तुम्हाला जमतं.

'चिमणी भुर्र' खेळताना घरातल्याच वस्तू उडवा. चिमणी भुर्र, कावळा भुर्र, पोपट भुर्र, आणि मधेच गंभीर चेहऱ्यानं 'फ्रीज भुर्र'. आणि उभं राहून खेळा, उडायचं म्हणजे खोलीभर पंख पसरून एक चक्कर मारून यायची. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 3 तास हालचाल करायला हवी, त्यातला 1 तास तरी चांगलं धापा टाकण्यासारखी, आणि स्क्रीन जास्तीत जास्त 1 तास. तीन तास ऐकायला खूप वाटतं पण फ्रीज उडायला लागला की वेळ कसा जातो कळत नाही. तुम्ही मात्र खुर्चीत बसूनच उडवा हं.

प्रश्न: ताई, माझ्या अंगणवाडीत 26 मुलं आहेत, खोली दहा बाय बारा. मिळालेला स्पीकर दोन महिन्यांत बंद पडला. तीन वर्षांची आणि सहा वर्षांची एकत्र, लहान्यांना जमत नाही, मोठी कंटाळतात. निम्म्या मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत, पावरी बोलतात. गोल करायला पण जागा नाही. – अंगणवाडी सेविका, नंदुरबार जिल्हा

ताई, स्पीकर बंद पडला हे उत्तमच झालं म्हणते मी, रागावू नका. कारण वर आजींना सांगितलं तेच, आणि तुमच्याकडे तर ते सव्वीस पटीनं लागू. स्पीकर पुढच्या चार हुशार पोरांसाठी वाजतो, तोंडानं म्हटलेलं गाणं शेवटच्या पोरासाठी थांबतं.

आधी कोणाला काय जमतं ते बघू. दोन वर्षांचं पोर दोन्ही पाय जोडून उडी मारतं, एका पायावर उड्या मारणं साधारण चौथ्या वर्षी जमायला लागतं आणि एक पाय-दुसरा पाय अशी बागडत जाणारी चाल पाच-सहाला. म्हणजे लंगडी असलेलं गाणं घेतलं की तुमची तीनची सगळी आडवी होणार, त्यांची चूक नाही. बसणं, उठणं, हलणं, दोन पायांवर उडी, पुतळा होणं, एवढं सगळ्यांना जमतं, तेवढ्यातच गाणं बसवायचं. मोठ्यांना त्याच गाण्यात वरचं काम द्यायचं.

माझ्याकडे एक कुकरचं गाणं आहे, मीच केलेलं, चाल कुठलीही लावा:

कुकर बसला शेगडीवर,
डाळ नि तांदूळ पोटभर,
खुदुखुदु खुदुखुदु हसतंय कोण?
शिट्ट्या झाल्या एक... दोन...

पहिल्या ओळीला सगळे उकिडवे बसतात, हात डोक्यावर जोडून, ती शिट्टी. दुसऱ्या ओळीला गाल फुगवायचे. तिसरीला जागच्या जागी थरथरायचं, आधी नुसते गुडघे, मग पोट, मग सगळं. आणि 'एक... दोन...' म्हटल्यावर मी थांबते. कधी खिडकीबाहेर बघते, कधी पदर नीट करते, कधी 'अरे गॅस संपला वाटतं' म्हणते. खाली पोरं लालबुंद झालेली असतात दाबून धरून. मग 'तीन!' म्हटलं की सगळा वर्ग 'शीऽऽऽ' करून उडतो. एकदा एक पिल्लू दोनलाच उडालं तर बाकीचे ओरडले, 'कच्चं राहिलं, कच्चं राहिलं!' आणि त्याला परत बसवलं. हे मी शिकवलं नव्हतं हां.

खोलीचं असं करा, तेरा पोरं भिंतीला टेकून बसवा, ती फरशीवर तळहातानं ठेका धरतील, तेरा मधे कुकर होतील, मग अदलाबदल. गोल पाहिजेच असं काही नाही. मोठ्यांनी शिट्ट्या मोजायच्या, आज तूरडाळ आहे तर चार, बटाटे आहेत तर तीन, ते एकानं ठरवून माझ्या कानात सांगायचं. म्हणजे सहाचं पोर कामाला लागलं आणि तीनचं पण उड्या मारतंय.

भाषेचं म्हणाल तर हालचालीचं गाणं हाच सगळ्यात सोपा दरवाजा आहे, कारण 'बसला' हा शब्द आणि बसणं एकाच वेळी होतं, समजावून सांगावं लागत नाही. पण उलटं पण करा. त्यांच्या घरी बकरीला काय म्हणतात, ती ओरडते कशी, पाऊस पडतो तेव्हा कसा आवाज येतो, ते पोरांना विचारा आणि तेच शब्द गाण्यात टाका. तुम्ही चुकीचा उच्चार कराल, पोरं हसतील, तुम्हाला दुरुस्त करतील, त्या दिवशी वर्ग तुमचा झाला समजा. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली पालघरकडच्या बोर्डीला आणि पुढं कोसबाडला गेल्या तेव्हा वारली पोरं शाळेत येत नव्हती, तर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं चारायला जाणाऱ्या पोरांमागं कुरणात नेली, दगड, पानं, शंख-शिंपले हेच साहित्य. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती 1975 ला, अंगणवाडीची कल्पना त्याच्या कितीतरी आधी तिथं रुजलेली होती. तुमच्या खोलीपुढं अंगण असेल तर पाऊस नसताना खुशाल बाहेर काढा सगळ्यांना, मग 'डोंगराला आग लागली पळा पळा' पण घेता येईल. ते खोलीत घेऊ नका, मी घेतलंय, एक खिडकी आणि दोन कपाळं.

प्रश्न: माझा मुलगा चार वर्षांचा. प्लेग्रुपमध्ये सगळे नाचतात, हा भिंतीला चिकटून उभा. टीचरनी व्हिडिओ पाठवला तो बघून वाईट वाटलं. घरी मात्र सगळी गाणी म्हणतो, सोफ्यावर उड्या मारतो. काय कमी पडतंय आमचं? – एक बाबा, नाशिक

दादा, काही कमी पडत नाहीये. घरी सगळी गाणी येतात म्हणजे भिंतीला टेकून तो काय करत होता? शिकत होता. काही पोरं पाण्यात आधी पाय घालतात, काही काठावर बसून महिनाभर पाणी बघतात.

माझ्याकडे एक मुलगी होती, जूनमध्ये आली ती दाराची कडी धरून उभी राहिली ते थेट दिवाळीपर्यंत. ना गाणं ना नाच. तिची आई भेटली तर म्हणाली, अहो रोज संध्याकाळी शाळा-शाळा खेळते, बाहुल्यांना ओळीनं बसवते, सगळी गाणी म्हणते आणि मधे मधे खोकते. मी म्हटलं, खोकते? तर म्हणे, तुम्ही खोकता ना ताई, तसं. माझा खोकला सुद्धा पाठ होता तिला, कुठल्या कडव्यानंतर येतो त्यासकट!

अशा पोराला 'ये ना, नाच ना' करून ओढू नये, काम द्यावं. माझं एक एसटीचं गाणं आहे, पोरं एकामागं एक खांदे धरून निघतात:

एसटी निघाली गडगड गड,
दांडी धरून पटकन चढ,
खड्डा आला, धडाम् धड!
टिंग!

'टिंग' म्हणजे थांब, सगळे पुतळे. 'टिंग-टिंग' म्हणजे चला. खऱ्या एसटीत दोरी ओढून कंडक्टर देतो तसंच, सिंगल बेल थांबायची, डबल बेल निघायची. आणि ही बेल कोणाच्या हातात? भिंतीला टेकलेल्याच्या. स्टीलचा पेला आणि चमचा द्यायचा, बस. पहिल्या दिवशी तो घाबरत वाजवतो, तिसऱ्या दिवशी त्याला कळतं की अख्खी एसटी आपल्या चमच्यावर थांबते, मग बघा सत्ता कशी डोक्यात जाते, पाच पाच मिनिटं स्टँडवर उभी ठेवतो सगळ्यांना. आमची कडीवाली दिवाळीनंतर कंडक्टर झाली आणि नाताळच्या सुमाराला तिलाच वाटलं की प्रवासी होण्यात जास्त मजा आहे, पेला दुसऱ्याला देऊन रांगेत शिरली. मी काही बोलले नाही, टाळ्या तर अजिबात नाही वाजवल्या, 'बघा बघा नाचली' म्हटलं असतं तर परत कडी धरली असती तिनं.

टीचरना फक्त एवढं सांगा की त्याचा व्हिडिओ काढू नका. तुमचा मुलगा घरी बोलतो-गातो म्हणून मी एवढी निवांत आहे. कुठंच प्रतिसाद नसेल, मागून हाक मारली तरी वळत नसेल तर मात्र गाणी-बिणी बाजूला ठेवून आधी कान तपासून घ्यायचे.

प्रश्न: मावशी, आमच्या शाळेत गॅदरिंगला ज्युनियर केजीची 32 मुलं माझ्याकडे आहेत. पालकांना फिल्मी गाणं हवं, हेडबाईंना डीजे हवा, रोज दीड तास प्रॅक्टिस, मुलं रडतात, मी पण रडायच्या बेतात आहे. – एक शिक्षिका, ठाणे

अगं, रडू नकोस, माझी पहिल्या वर्षीची गोष्ट ऐक. तेव्हा मी एका दुसऱ्याच शाळेत होते, कॅसेटचे दिवस. चौदा फुलपाखरं केली होती, क्रेप कागदाचे पंख, तारेच्या मिशा. पडदा वर गेला, गाणं सुरू झालं आणि पहिल्या कडव्यात टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली. साउंडवाला पेन्सिल शोधतोय, हॉल गप्प. आणि माझी चौदाच्या चौदा फुलपाखरं नाचतच राहिली! न चुकता, गाण्याशिवाय. लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या, हेडबाईंनी पाठ थोपटली. मी विंगेत उभी राहून स्टेप करून दाखवत होते आणि ती माझ्याकडं बघून करत होती. दोन महिने घासून मी त्यांना गाणं नव्हतं शिकवलं, स्वतःची नक्कल शिकवली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, कुठलं गाणं होतं रे आपलं? एकालाही ओळ सांगता आली नाही.

तेव्हा तू एक कर, गाणं मुलांनीच म्हणायचं. वर्गात त्यांना येतं आणि आवडतं ते, दीड मिनिटाचं, त्याच्यापुढं एक सेकंद नको. स्टेजवर ओळी नकोत, दोन गोल कर, म्हणजे पुढची रांग-मागची रांग हे भांडणच नाही, फिरता फिरता प्रत्येक आई-बाबांना आपलं पोर एकदा समोरून दिसतं. स्टेप तीनच ठेव: चालणं, टाळी, गिरकी. तू विंगेत नको, गोलात त्यांच्यासोबत उभी राहा, लाज कसली. डीजे पाहिजेच असेल तर त्याला मुलांच्या गाण्याच्या आधी नि नंतर वाजवू दे, हेडबाई पण खूश.

आणि सूर बघ. मोठी माणसं आपल्या सोयीच्या पट्टीत सुरू करतात, बाप्या माणसाच्या खर्जात पोरांचा आवाज पोचतच नाही आणि रेकॉर्डवरचं गाणं वर चढलं की ती ओरडायला लागतात. आपण त्याला 'जोशात गातात' म्हणतो. आपली जुनी बडबडगीतं बघ, तीन-चार सुरांतच फिरतात सगळी, उगाच नाही. मी पेटीवर काळी एकचा सा धरून धपर्यंतच जाते, वरच्या साला हात लावत नाही. प्रॅक्टिस रोज दहा मिनिटं, तीही खेळ म्हणून. दीड तास कसला, चार वर्षांचं पोर लग्नात सुद्धा दीड तास नाचत नाही.

प्रश्न: मी टोरांटोला राहते, मुलगा पाच, मुलगी तीन. 'ये रे ये रे पावसा' शिकवलं तर मुलगा विचारतो, 'व्हाय आर वी पेइंग द रेन?' प्रत्येक ओळीचं भाषांतर करत बसते, तोवर दोघं पळून जातात. भोंडल्याला मंडळात न्यायचं आहे पण शब्द तर मला पण कळत नाहीत! – एक आई

भाषांतर बंद करा बघू आधी. 'ऐलमा पैलमा' म्हणजे काय हे इथं पुण्यात तरी कोणाला विचारा, सगळ्या एकमेकींकडं बघतील आणि गोल फिरत राहतील. मुलाचा प्रश्न मात्र झकास आहे. त्याला सांगा की आपण पावसाला पैसा देऊ म्हटलं, तो खोटा निघाला आणि तरी पाऊस आलाच, म्हणजे पाऊस फसला! पाच वर्षांच्या पोराला कोणीतरी फसलं की त्यापुढं काही समजावं लागत नाही, फसलेल्या पावसाचं तोंड करून नाचेल तो.

तिकडच्या मुलांचं अडतं ते अर्थापाशी कमी आणि जिभेपाशी जास्त. 'बाळ'चं 'बाल' होतं, 'डोळा'चं 'डोला'. त्यावर खेळ आहे, ओढा खळखळ, पानं सळसळ, वारा झुळझुळ, घरी जायची वेळ झाली की डोळ्यांतून पाणी घळाघळा, प्रत्येकाला हातांची आणि अंगाची वेगळी हालचाल, आधी हळू मग जोरात. ळ म्हणताना जीभ मागं वळते, तेवढी दहा मिनिटं वळली की पुरे. तसंच 'चिमणी'तला च वेगळा आणि 'चमचा'तला वेगळा. चिमणीला उडायचं, चमच्याला ढवळायचं, मी पटापट शब्द टाकते, चटणी, चिंच, चाक, चित्ता, त्या त्या च प्रमाणं करायचं. चिंचेला अर्धी मुलं उडतात नि अर्धी ढवळतात, मग भांडण, तेच पाहिजे असतं आपल्याला. चिंचेला उडायचं बरं का, मी लगेच सांगत नाही एवढंच.

भोंडल्याला जरूर न्या. पाटावर हत्ती काढून मधे ठेवला की तीन वर्षांच्या मुलीला पुढं काही सांगावं लागत नाही, सोंड करून फिरायला लागते. सगळी गाणी मोठ्यांना म्हणू दे, लहान्यांचं तीन गाण्यांत पोट भरतं. तुमच्या मंडळात कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणी असतील तर त्या हादगा म्हणतील, विदर्भ-खानदेशातल्या भुलाबाई म्हणतील आणि टिपऱ्या काढतील, मुलांच्या हातात टिपऱ्या आल्या तर मजाच, फक्त डोळे सांभाळा. आणि खिरापत ओळखण्याचं काम मुलांकडं द्या. गोड की तिखट, वाटीतलं की ताटातलं, कुरकुरीत की मऊ, रस आहे की नाही, पाच मिनिटांत दोघं जेवढं मराठी बोलतील तेवढं तुम्ही महिनाभरात भाषांतर करून बोलवून घेऊ शकणार नाही.

प्रश्न: हादग्यातलं ते वेड्या नवऱ्याचं गाणं आमच्या सोसायटीतल्या मुलांना शिकवलं तर एका पालकांनी आक्षेप घेतला. जुनी गाणी पण आता म्हणायची नाहीत का? – एक काकू, सांगली

काकू, मी त्या पालकांच्या बाजूनं आहे थोडीशी. लाडू बघून चेंडू म्हणून खेळायला घेतला, करंज्या बघून होड्या म्हणून पाण्यात सोडल्या, इथपर्यंत पोरं गडाबडा लोळतात. पण शेवटी बायको झोपलेली असते आणि तो ती मेली समजून काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मोठ्या बायकांनी वर्षानुवर्षं ते हसत हसत म्हटलं, त्यात त्यांचं काय काय दडलं होतं ते त्यांना माहीत, त्यांच्यापुरतं ते खरं आहे. चार वर्षांच्या पोराला त्यातलं फक्त 'वेडा' एवढंच उरतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जो जरा वेगळा वागतो त्याला ते चिकटतं. माझ्या वर्गात चिकटलंय, म्हणून सांगते.

पण गाण्यातली गंमत कशात आहे? एक वस्तू दुसरीच समजण्यात. ती ठेवा, नवरा बदला. आमच्याकडं अस्वलकाका आहेत:

अस्वलकाका बाजारात गेले,
पापड बघून खूश झाले,
'छत्री छत्री' म्हणाले हो,
डोक्यावर धरून आले हो!

पुढची कडवी पोरंच करतात. जिलबीची बांगडी झाली, शेवयांच्या लोकरीचा स्वेटर विणून झाला, एकानं पोळीचं पांघरूण केलं आणि एकीनं भेंडीचं पेन, ते मला पण सुचलं नसतं. प्रत्येक कडव्याला ज्यानं सांगितलं त्यानं मधे येऊन अस्वल व्हायचं, पोट पुढं काढून चालायचं, बाकीचे गोल फिरतात. मूळ गाणं मोठ्या मुलींना, दहा-बारा वर्षांच्या पुढं, शिकवा की खुशाल, शेवटासकट, आणि मग त्यांना काय वाटतं ते बोलू दे.

आता पटापट

'माझा आवाज बेसूर आहे, मी गायलं तर मुलांचा सूर बिघडेल का?' असं सहा जणांनी विचारलंय, सहाही बाबा. नाही बिघडत. तुमचं पोर तुमच्या आवाजाचा दर्जा बघत नाही, तुम्ही फोन खाली ठेवलाय का तेवढं बघतं.

'एकच गाणं परत परत मागतो, नवीन ऐकतच नाही.' द्या की परत परत. तुम्ही फक्त एक शब्द बदला मधेच, रोज एक. तो चिडून दुरुस्त करेल, तेच हवंय.

'तीन वर्षांच्या मुलीशी फुगडी खेळू का?' उभी, हात ताणून गरगर, अजिबात नको. पाच वर्षांखालच्या मुलांचं कोपराजवळचं हाड हात ओढला की पटकन सटकतं, एका हाताला धरून उचलायचं-झोका द्यायचं पण टाळा. बसफुगडी घ्या, समोरासमोर उकिडवं बसून, हात न धरता, बेडकासारख्या उड्या. तुम्हीच आधी दमाल.

'ढोल-ताशा, डमरू, खुळखुळे विकत घ्यावेत का?' प्लास्टिकच्या बाटलीत मूठभर राजमा घाला, झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी. तांदळाचा आवाज वेगळा, राजम्याचा वेगळा, वाळूचा वेगळा, डोळे मिटून ओळखायला लावा. झाकण उघडून राजमा नाकात घालणारं एक तरी पोर प्रत्येक वर्गात असतं, म्हणून चिकटपट्टी.

पुढच्या अंकासाठी मला तुमच्याकडची हादग्याची, भुलाबाईची, फुगडीची गाणी पाठवा, गोव्याकडच्या वाचकांनी पण, शब्द अर्धवट आठवत असतील तरी चालेल, कुठल्या गावची ते लिहा आणि त्या दिवशी खिरापत काय होती ते तर नक्की लिहा.